न्हाणीमागची चूल

१

पाण्याची चूल बसवली ती आईच्या गुडघ्यांसाठी. नवं घर बांधून आम्ही गावाबाहेर नदीच्या अंगाला राहायला आलो आणि पहिल्याच हिवाळ्यात तिचे सांधे धरले. गॅसवर अंघोळीचं पाणी तापवायचं म्हटलं तर सिलिंडर पुरायचा नाही, आणि संपला की इस्लामपूरला नंबर लावून वाट बघायची. विजेचं तर विचारूच नका. सकाळी नेमकी अंघोळीच्या वेळेला लाईट जायची. चौऱ्याण्णव सालची गोष्ट.

मी साखर कारखान्यात बॉयलरवर होतो. आग कशी धरायची, हवा कुठून द्यायची, धूर कुठून काढायचा, एवढंच मला आयुष्यात नीट येतं. त्यामुळे चुलीचा आराखडा मीच काढला. न्हाणीच्या कोपऱ्यात विटांचा ओटा, त्यात गळ्यापर्यंत बसवलेला तांब्याचा हंडा, वर झाकण. चुलीचं तोंड भिंतीपलीकडे परसात, म्हणजे घरात धूर नको. तोंडाला लोखंडी दार, त्याला बाहेरून कडी. वर सिमेंटच्या पायपाचं धुराडं.

धुळा गवंड्यानं बांधकाम केलं. त्यात जुनं काहीच नव्हतं. विटा नव्या, भट्टीवरून आणलेल्या. हंडा सांगलीच्या तांबटाकडून समोर बसून ठोकून घेतलेला. जागा म्हणाल तर पूर्वी उसाचं रान. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढं ज्यानं त्यानं मला हेच विचारलं.

पहिला जाळ आईनंच घातला. पाचटाची चूड, वर बाभळीची ढलपी. धूर सरळ वर गेला, हंडा गुणगुणायला लागला. आई न्हाणीत गेली ती बराच वेळ आलीच नाही. आली तेव्हा तोंड लालबुंद, पांढरे केस मोकळे.

"पांग फेडलंस बघ राजा," ती म्हणाली. "हाडं मऊ झाली."

मला लय बरं वाटलं. घरात ते पाणी तिच्या एकटीच्याच कामाचं होतं. माझी अंघोळ पाळी सुटली की कारखान्यातच व्हायची, आणि माझी बायको आम्रपाली बारा महिने गार पाण्यानंच अंघोळ करायची. गरम पाण्यानं आळस येतो, असं तिचं म्हणणं. उपकेंद्रात नर्स होती ती. आळस तिला परवडत नव्हता.

२

सगळ्यात आधी आम्रपालीच्याच लक्षात आलं. पहाटे हंडा भरून ठेवायचं काम तिचं. एक दिवस ती कळशी तशीच हातात घेऊन बाहेर आली.

"अहो, रात्रीचं पाणी अजून कोमट आहे."

"निखारे राहिले असतील," मी म्हणालो. "विटा ऊब धरतात. बांधलीय कुणी?"

ती हसली. दुसऱ्या दिवशीही पाणी कोमट. तिसऱ्याही. थंडी तर अशी की परसातल्या बादलीत बोट घालवेना. मी मनातल्या मनात माझ्या चुलीवर खूश होतो. पण बॉयलरवरचा माणूस, डोक्यात एकदा हिशोब शिरला की जात नाही. एवढ्याशा निखाऱ्यावर एवढा मोठा हंडा सकाळपर्यंत कसा राहील?

म्हणून एका संध्याकाळी मी चूल पूर्ण विझवली. राख ओढून काढली, वर पाणी शिंपडलं, आतून हात फिरवून बघितला. गार. हंड्यातलं पाणी उपसून नवं, आडाचं भरलं.

सकाळी उठलो तो सरळ न्हाणीत. झाकण काढलं, हात घातला.

आणि पाणी कुठं सुरू झालं तेच कळेना.

म्हणजे काय ते सांगतो. गार पाण्यात हात घातला तर गार लागतं, गरम पाण्यात गरम. इथं काहीच लागलं नाही. मनगटाभोवती पाण्याची रेघ दिसत होती, पण कातडीला ती जाणवत नव्हती. हे कोमट चुलीचं नव्हतं, उन्हाचंही नव्हतं. अंगाचं होतं. कुणाच्या काखेत हात घातल्यासारखं.

मी हात बाहेर काढला आणि कितीतरी वेळ लुंगीला पुसत राहिलो.

३

राखेचं नंतर ध्यानात आलं.

चुलीचं दार उघडून राख काढायला बसलो तर मधोमध खळगा. गोल, गुळगुळीत, कडा दाबलेल्या. हिवाळ्यात कुत्रं चुलीत येऊन निजतं, तसा. मी परसात सगळीकडे बघितलं. आमच्याकडे कुत्रं नव्हतं, आणि बाहेरून कडी घातलेल्या दारातून कुत्रं जाणार कसं? मग मनाशी म्हटलं, धुराड्यातून वारा उतरत असेल, राख फिरत असेल. तसं होतंही. मोठ्या भट्टीत राखेचे भोवरे मी बघितलेत.

दुसऱ्या वेळी खळगा मोठा होता. कुत्र्यापेक्षा मोठा. पाय पोटाशी घेऊन झोपलेल्या माणसाएवढा. मी खोऱ्यानं राख सारखी केली आणि कुणाला बोललो नाही.

आमच्या घरात भूतखेत मानत नाहीत. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी घरातले टाक आणि गंडेदोरे कृष्णेत सोडले होते. देवऋषाला त्यांनी कधी उंबरा ओलांडू दिला नाही. कारण शोधा, म्हणायचे, कारण असतंच. मीही त्यातलाच. म्हणून मी कारण शोधत होतो.

त्याच सुमाराला आईनं स्वेटर मागितला. मग कानटोपी. मग दुपारच्या उन्हातही गोधडी घेऊन बसायला लागली. एकदा चहाचा कप देताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली आणि मी दचकलो. ओल्या फरशीवर हात ठेवावा तशी.

आम्रपालीनं तिच्या काखेत थर्मामीटर लावला. पारा हललाच नाही.

"बिघडलाय," ती म्हणाली आणि उपकेंद्रातून दुसरा घेऊन आली. तोही हलला नाही. तिनं तो स्वतःला लावला. झरझर चढला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. आई मजेत शेंगा फोडत बसली होती.

"आये, तुला काय हुतंय?"

"काय न्हाई की. गार वाटतं, एवढंच." मग जरा थांबून म्हणाली, "न्हाणीत असते तवर बेस वाटतं बघ. पाणी घेतलं की पाठीवरनं कुणीतरी हात फिरवतंय असं वाटतं."

इस्लामपूरच्या डॉक्टरांनी तपासलं. छाती साफ, नाडी मंद पण ठीक. रक्त कमी असेल म्हणून गोळ्या लिहून दिल्या. वयच आहे, म्हणाले.

बाहेर मोटारसायकलला किक मारता मारता मला कारखान्यात शिकवलेली पहिली गोष्ट आठवली. ऊब आपोआप तयार होत नाही. एकीकडे जेवढी चढते, तेवढी दुसरीकडे उतरते. मी किक मारायचा थांबलो. मागं बसलेल्या आईनं विचारलं, "काय झालं रं?" तिचा हात माझ्या खांद्यावर होता. शर्टातून गार लागत होता.

४

मी चूल पेटवायची बंद केली. सरपण ओलं आहे, म्हणून सांगितलं.  आई सकाळी न्हाणीत गेली, आणि थोड्या वेळानं दाराच्या फटीतून वाफ यायला लागली.

परसात जाऊन बघितलं. दार बंद, कडी घातलेली, धुराड्यातून धूर नाही. आणि आत आई तांब्यानं पाणी घेतेय, गुणगुणतेय.

"आत्यांना इथून हलवू," आम्रपाली म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची. तिच्या तोंडून हे आलं म्हणून मी हललो, नाहीतर अजून कारणच शोधत बसलो असतो. माझी बहीण माया सांगलीला असते, हळदीच्या पेठेमागं. आईला तिथं नेऊन पोचवलं. जाताना ती रडली नाही, भांडली नाही. एसटीच्या खिडकीतून मागं बघत राहिली, एवढंच.

मायानं स्टोव्हवर पाणी कढवून अंघोळ घातली. आई म्हणाली, "ह्यात ऊब न्हाई." पाणी एवढं कढत होतं की मायाच्या हाताला फोड आले. आईच्या पाठीवर साधा लालपणाही उमटला नाही. मग तिनं जेवण सोडलं. ओठ करडे पडले. मोठ्या दवाखान्यात नेलं, ऊब देणाऱ्या दिव्याखाली ठेवलं, सलाईन लावलं. शेवटी मायानं कारखान्यात फोन केला.

"दादा, आयला घिऊन जा. डाक्टर म्हणत्यात घरी न्या. आन् ती एकच बोलतीया. मला न्हाणीत न्या."

जीप करून आणली. वाटेत ती मेलीय की जिवंत, हे मी तीनदा वाकून बघितलं. घरी पोचल्यावर आम्रपालीनं आणि मायानं धरून तिला न्हाणीत नेलं. मी अंगणात उभा होतो. पहिला तांब्या अंगावर पडल्याचा आवाज आला, मग दुसरा. मग आईचा आवाज, चांगला खणखणीत.

"आगं, दार लावा की. वारं येतंय."

ती बाहेर आली तेव्हा गालांवर रंग होता. भाकरी खाल्ली. मायाला म्हणाली, "तू कशाला रडतीस?"

माया दुसऱ्या दिवशी सांगलीला परत गेली. आमच्यापुढं हात जोडून म्हणाली, "ती चूल काय बी असू द्या. पाडू नका."

मला ते कळत होतं. चूल ठेवली तर आई रोज थोडी थोडी जात होती. पाडली तर एका दिवसात जाणार होती. आम्रपाली रोज संध्याकाळी थर्मामीटर झटकायची, लावायची, बघायची आणि पुन्हा डबीत ठेवायची.  

५

त्या दिवशी पहिली पाळी करून दुपारी घरी आलो. आम्रपाली उपकेंद्रावर होती. न्हाणीतून पाण्याचा आवाज येत होता. आता आई दिवसातून कितीही वेळा अंघोळीला जायची.

मी परसात गेलो. ऊन चांगलं होतं, समोर ऊसतोड चालली होती, कोयत्यांचे आवाज येत होते. अशा उजेडात माणसाला धीर येतो. चुलीसमोर उकिडवा बसलो, कडी काढली आणि दार उघडलं.

जाळ नव्हता. लाकूड नव्हतं. आत अंधार, आणि त्यात खालून मंद लाल उजेड. निखारा फुंकला की फुलतो आणि फुंकर थांबली की मावळतो, तसा फुलत होता, मावळत होता. फुंकणारं कुणी नव्हतं. मी डोळे बारीक करून बघितलं.

उजेड फुलला तेव्हा मला पाठ दिसली. माझ्याकडे पाठ करून, गुडघे पोटाशी घेऊन निजलेली, राखेच्या रंगाची. मणक्याचे मणी दिसले. श्वास आत गेला की पाठ उचलायची आणि तिच्याभोवतीची राख लाल व्हायची. श्वास सुटला की सगळं काळं.

किती वेळ बघत होतो सांगता येणार नाही. पळावं असंही वाटलं नाही. झोपलेल्या माणसाची झोप मोडू नये म्हणून आपण जसे गप्प राहतो, तसा मी गप्प होतो.

भिंतीपलीकडून आईचा आवाज आला. अगदी हळू, लाडानं.

"राजा, दार लाव रं. गारवा शिरतुय. त्येला थंडी वाजती."

मी दार लावलं. कडी घातली. 

आम्रपाली आल्यावर तिला सांगितलं. ती टॉर्च घेऊन गेली, दार उघडलं, बराच वेळ आत बघितलं. परत येऊन म्हणाली, "राख आहे." मग पदरानं तोंड पुसत म्हणाली, "गरम आहे."

६

आई गेली ती अंगणात, उन्हात बसल्या जागी. सकाळी अंघोळ झाली होती. केस वाळवत बसली आणि आम्रपाली चहा घेऊन गेली तर मान कलंडलेली. नाडी बघायची आम्रपालीला गरज पडली नाही. तिनं फक्त हात लावला आणि काढला.

सांगलीहून माया आली, गावातली आमची जुनी गल्ली सगळी आली, बाकीच्या गावातूनही माणसं आली. धुळा आला, सरण रचायला सगळ्यांत पुढं तोच. नदीकाठी वंदना झाली, त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी चूड लावली.

पेटेना.

लाकूड वाळलेलं होतं. मीच निवडलं होतं, मला लाकडातलं कळतं. रॉकेल ओतलं की भडका व्हायचा, रॉकेल जळून जायचं आणि लाकूड तसंच राहायचं, काळंसुद्धा न पडता. माणसं कुजबुजायला लागली. धुळा खाली वाकून फुंकत होता.

"वारा न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "वारा आला की धरंल."

मी मान वर केली. नदीकाठावरून आमचं घर दिसतं. न्हाणीच्या धुराड्यातून धूर निघत होता. दाट, सरळ. एवढा धूर त्या धुराड्यातून मी कधी बघितला नव्हता.

"चूल कुणी पेटवली?" मी विचारलं.

"बायकांनी पेटवली आसंल," कुणीतरी म्हणालं. "माणसं अंघोळीला येणार की."

स्मशानातून आलं की अंघोळ करायची, हे आमच्यातही राहून गेलंय. धर्म बदलला तरी एवढं राहिलंय. मला घराकडे धावत जायचं होतं. पण आईची चिता पेटली नव्हती, आणि ती पेटल्याशिवाय मुलानं हलायचं नसतं. मी तिथंच उभा राहिलो आणि धुराकडे बघत राहिलो.

बऱ्याच वेळानं तो धूर थांबला. एकदम, कुणी झाकण ठेवावं तसा. आणि त्याच वेळी माझ्यासमोर सगळं सरण एकदम पेटलं. माणसं मागं सरली. मी सरलो नाही, कारण त्या जाळाची धग मला लागतच नव्हती.

७

माणसं पुढं गेली, मी मागं राहिलो. राहावंच लागतं. घरी पोचलो तोवर अंगण ओलंचिंब झालं होतं. गडीमाणसं पंचानं डोकी पुसत होती. बायका ओले केस झटकत होत्या. न्हाणीतून बादल्या भरभरून बाहेर येत होत्या.

"थांबा," मी ओरडलो. "त्या पाण्यानं करू नका!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं, जसं आई गेलेल्या माणसाकडे बघतात तसं. मायानं माझा दंड धरून मला खाली बसवलं. तिचे केस ओले होते.

"चूल कुणी पेटवली?"

"कुणीच न्हाई, दादा. पाणी तापल्यालंच हुतं."

"लय बेस पाणी," धुळा अंगावर सदरा चढवत म्हणाला. त्याच्या तोंडावर झोपेतून उठल्यासारखं काहीतरी होतं. "एवढी माणसं झाली, पर हंडा काय सरंना."

न्हाणीचं दार उघडलं. आम्रपाली बाहेर आली. पदर खोचलेला, केसांतून पाणी निथळतंय, गाल लाल. बारा महिने गार पाण्याची तिची सवय.

"तुम्ही तेवढे राहिलात," ती मला म्हणाली. "या. ठेवलंय तुमच्यासाठी."

मी आडावर गेलो. पोहरा ओढून अंगावर ओतला. गारठ्यानं दात वाजत होते, आणि सगळं अंगण उभं राहून माझ्याकडे बघत होतं.

८

दुसऱ्याच दिवशी मी पहारीनं चूल पाडली. आत काही नव्हतं. राख गार, सारखी, खळगासुद्धा नाही. हंडा सायकलला बांधून नेला आणि कृष्णेच्या डोहात टाकला. आम्रपाली दारात उभी राहून बघत होती. अडवलं नाही तिनं.

मग उन्हाळा आला. आमच्याकडचा चैत्र तुम्हाला ठाऊक असेल तर ठाऊक असेल, डांबर पायाला चिकटतं. अशा उन्हात, भर दुपारी, आमच्या जुन्या गल्लीतली माणसं ओट्यावर बसलेली असायची. स्वेटर घालून. कानटोप्या घालून. म्हातारी-तरणी, सगळी, जी जी त्या दिवशी आली होती ती.  मी जवळून गेलो की माना वळायच्या. सांगलीहून माया यायची ती शाल लपेटूनच.

आम्रपाली रात्री माझ्या पाठीला चिकटून झोपायची. मी सहन करायचो. सकाळी माझ्या पाठीवर तिच्या हाताएवढी जागा बधिर झालेली असायची. थर्मामीटर कपाटावर ठेवला होता, तो आम्ही दोघांनीही खाली काढला नाही.

ते सगळे एका दुपारी आले. धुळानं हातगाड्यावर विटा आणल्या होत्या. दोघांनी मिळून नवा हंडा उचलून आणला होता, तांब्याचा, चकचकीत. कुणी कुणाला काही सांगितलं नसावं. आम्रपाली परसात आधीच वाळू-सिमेंट कालवत बसली होती, अंगात माझा बॉयलरवरचा जाड कोट.

"भाऊ," धुळा म्हणाला, "पैलीसारकीच बांधायची. तुमच्या हाताबिगार जमायचं न्हाई."

"नाही," मी म्हणालो.

कुणी वाद घातला नाही. कुणी रागावलं नाही. ते नुसते माझ्याभोवती येऊन बसले. आधी लांब, मग जरा जवळ, मग अगदी गुडघ्याला गुडघा लावून. धुळानं माझ्या दंडावर हात ठेवला. मायानं पाठीला पाठ टेकली. वर ऊन जाळत होतं आणि मला हुडहुडी भरली.

"तुमचं आंग लय ऊबदार हाय, भाऊ," धुळा म्हणाला. त्यानं तक्रार केली नाही, मागणंही केलं नाही. जे होतं ते सांगितलं.

मी आम्रपालीकडे बघितलं.  तिनं थापी माझ्यापुढं धरली. तिची नखं थंडीनं निळी पडली होती.

मी थापी घेतली.

"तोंड केवढं ठेवायचं?" धुळानं विचारलं.

मी बोलायच्या आत आम्रपालीनं दोन्ही हात पसरून दाखवलं. पहिल्यापेक्षा पुष्कळ मोठं, पाय पोटाशी घेतलेला माणूस सहज आत जाईल एवढं. एवढं कशाला, असं कुणीच विचारलं नाही. मी कालवलेला माल पसरला, त्यावर पहिली वीट ठेवली, थापीच्या मुठीनं ठोकून बसवली. माझ्याभोवतीची सगळी माणसं माझ्या हाताकडे बघत होती.

धुळानं दुसरी वीट पुढं केली.